दोन भोवऱ्यांचे गुरुजी

हल्ली पोरं सलूनमध्ये तास तास बसून केस उभे करून घेतात. वर ते जेल का काय ते थापतात, आणि बाहेर पडताना काचेत मान वळवून वळवून बघतात. मला ते बघूनच दमायला होतं. कारण डोक्यावरचे मूठभर केस आडवे पडावेत म्हणून अर्धं आयुष्य झिजवलेला एक माणूस मी जवळून बघितलाय. आमचे रंगनाथ गुरुजी.

घोडेगावच्या पुढं, भीमाशंकरच्या रस्त्याला, आत एका वाडीवर आमची शाळा होती. पत्र्याच्या दोन खोल्या आणि दोनच शिक्षक, एक मी आणि एक ते. मी घोडेगावच्या स्टँडवरून सकाळची एसटी धरायची, गुरुजी वाटेतल्या फाट्यावर चढायचे. त्यांचं घर फाट्याला लागूनच, अगदी रस्त्याच्या कडेला. नव्वद सालानंतरची गोष्ट. माणूस उंच, शिडशिडीत. बोलणं इतकं हळू, की मागच्या रांगेतली पोरं 'काय गुरुजी?' म्हणून परत विचारायची. आणि ऐन पंचविशीत डोक्यावर पांढरी टोपी. मी मनात म्हटलं, याला एक तर टक्कल पडलंय नाही तर पुढारी व्हायचंय.

दोन्ही खोटं निघालं. एकदा दुपारच्या सुट्टीत ते हापशावर टोपी काढून डोकं ओलं करत होते. केस काळेभोर, दाट. फक्त मागं, शेंडीच्या जागी, एक झुपका ताठ उभा. कोंबड्याच्या तुऱ्यासारखा. पाणी मारलं की बसायचा आणि हात काढला की हळूच मान वर काढायचा.

"हसा बाई, हसा," ते म्हणाले. "सगळेच हसतात."

"मी कुठं हसले?"

"मनात हसलात."

आता हसलेच होते, तर काय बोलणार?

गुरुजींच्या डोक्यात दोन भोवरे होते. तुमच्या-आमच्या डोक्यावर केस गोल फिरून जिथून निघतात, तो भोवरा एकच असतो. यांचे दोन, शेजारी शेजारी, एक उजवीकडं फिरणारा आणि एक डावीकडं. त्या दोघांच्या भांडणात मधल्या केसांनी जायचं कुठं? ते बिचारे सरळ वर निघाले होते. खोबरेल लावून झालं, एरंडेल लावून झालं, व्हॅसलीन झालं. डोक्याला ओला रुमाल आवळून झोपून झालं. खिशात कायम कंगवा. एसटीत ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली की त्याच्या आरशात बघून टोपीखाली बोट घालून चाचपायचे. प्रार्थनेला केस बसलेले असायचे, पाढे म्हणून होईपर्यंत टोपीच मागून टेकडीसारखी उचललेली. पोरांना घड्याळ लागायचं नाही. 'गुरुजींची टोपी उठली, आता गणित,' असं पोरं म्हणायची.

केस उभे राहतात म्हणून कुणी एवढं मनाला लावून घेत नाही. गुरुजींचं दुखणं वेगळं होतं. आमच्याकडं म्हणतात, ज्याला दोन भोवरे त्याला दोन बायका. ऐकायला गंमत वाटते. पण दोन म्हणजे एकीच्या मागून दुसरी, आणि दुसरी यायची तर पहिलीनं जायला हवं. मग पहिली म्हणून आपली पोरगी कोण देणार?

बघायला जायचे आणि परत यायचे. एका ठिकाणी मुलीचा आजा बैलांचा जुना पारखी. चहा झाला, नोकरी विचारून झाली, आणि म्हातारा म्हणाला, "टोपी काढा की पावणं, टक्कल-बिक्कल न्हाई ना?" गुरुजींनी टोपी काढली. तुरा उभा! म्हातारा उठला, मागं आला आणि बाजारात बैलाचा भोवरा बघतात तशी केसांत बोटं घालून केस बाजूला केले. निवांत बघितलं. मग जागेवर जाऊन बसला आणि म्हणाला, "दोन हायेत. बैल आसता तर एक येळ चाललं आसतं राव. पोरीचा जीव हाय."

हे मला गुरुजींनीच एसटीत सांगितलं. सांगताना हसत होते, पण मधेच थांबले. "बाई, मला एकच लग्न करायचंय," ते म्हणाले. "लोक दोन-दोन म्हणतात. मला एकच पाहिजे, आणि ते टिकायला पाहिजे. जास्त मागतोय का मी?"

शेवटी पेठच्या सिंधूनं हो म्हटलं. नात्यातल्या कुणाच्या तरी हळदीत तिनं यांना बघितलं होतं. वाकून पाया पडताना यांची टोपी पडली, आणि ही म्हणे एवढी हसली की हातातली हळदीची वाटी सांडली. घरी जाऊन तिनंच आईला सांगितलं, करीन तर त्या तुरेवाल्याला करीन. आई म्हणजे हौसाबाई. बाई खमकी, नवऱ्यामागं चार लेकरं वाढवलेली. ती म्हणाली, "पोर देते. पण आदी रुईसंगं लगीन लावा. मंग माजी सिंधू दुसरी व्हईल."

रुईशी लग्न म्हणजे खरोखरीचं लग्न. माणसाचं नशीब पहिल्या बायकोवर उठणार असेल, तर पहिली बायको म्हणून रुईचं झाडच उभं करायचं. अक्षता टाकायच्या, आणि मग ते झाड मुळासकट उपटून पाण्यात सोडायचं. पहिली गेली! नशिबाचा हप्ता फिटला, आता खरी नवरी आणा. सांगणारे अगदी शांतपणे सांगतात. नवऱ्यामुलाला काय वाटतं ते कुणी विचारत नाही.

गुरुजींच्या शेताच्या बांधावर रुई होती. तिला हळद लागली, हिरव्या चोळीचा खण गुंडाळला, मधे पंचा धरून मंगलाष्टकं झाली. गुरुजी दुसऱ्या दिवशी शाळेत आले ते कानामागं हळद घेऊन. पोरं विचारायला लागली. मी फळा पुसत राहिले.

मोठी गंमत पुढंच. झाड उपटायचं काम नवऱ्यामुलाचं. सगळे घराकडं वळले, हे मागं राहिले, आणि यांचा हातच धजला नाही. खण सोडवून घेतला, झाड तसंच ठेवलं, आणि नदीवर जाऊन अंघोळ करून आले. हौसाबाईनं विचारलं, सोडली का पाण्यात? हे म्हणाले, हो. आयुष्यात एवढं एकच खोटं बोलले असतील. लग्नानंतर सिंधूला मात्र पहिल्याच आठवड्यात खरं सांगून टाकलं. ती घाबरेल असं यांना वाटलं होतं. ती म्हणाली, "बरं क्येलं. हळदीच्या अंगाला कुनी उपटतं व्हय?"

तेव्हापासून सिंधू त्या रुईला 'थोरली' म्हणायला लागली. स्वतः धाकटी. शेतावर गेली की कळशीतलं उरलेलं पाणी रुईच्या बुडात ओतायची, आणि घरी येऊन म्हणायची, "थोरलीला पानी पाजून आले. इचारत व्हती, मालकांचं केस बसलं का?" शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ लागते, ती त्याच झाडाची. मी एकदा त्यांच्याकडं जेवायला गेले होते तेव्हा तिनं मला बांधावर नेऊन सवतीची ओळख करून दिली होती. मी हसून हसून बेजार.

आणि तो तुरा बसवला तिनंच. तेलपाणी, व्हॅसलीन सगळं बंद करून टाकलं. त्यांच्या जुन्या घराची चौकट फार ठेंगणी. गुरुजी उंच, बाहेर पडताना त्यांना वाकायलाच लागायचं. सिंधू ही एवढीशी, एरवी तिचा हात त्यांच्या डोक्याला पुरला नसता. म्हणून ती ओट्यावर उभी राहायची, हात पाण्यात बुडवायची, आणि गुरुजी चौकटीतून वाकले की तळवा बरोबर त्या झुपक्यावर ठेवायची. गुरुजी तसेच वाकून उभे. ती मला सांगायची, "दाबायचं न्हाई, बाई. दाबलं की उसळतंय. नुसता वला हात ठिवायचा, गप." आणि खरं सांगते, केस बसायचे. दुपारपर्यंत तरी बसायचे.

हे सगळं आमच्या एसटीच्या खिडकीतून दिसायचं. गाडी फाट्यावर थांबलेली, हॉर्न वाजलेला, आणि गुरुजी उंबऱ्यात मान खाली घालून उभे. नवीन माणूस विचारायचा, गाडी का थांबली? कंडक्टर तिकिटं फाडता फाडता म्हणायचा, "थांबा राव, गुरुजींची इस्त्री चाललीया." सगळी गाडी हसायची. गुरुजी लाजत चढायचे.

एकदाच त्यांनी तिचं ऐकलं नाही. शाळेची तपासणी होती, साहेब येणार होते. दिवसभर केस बसायला हवेत म्हणून या शहाण्यानं शाळेतली डिंकाची बाटली डोक्यावर रिकामी केली आणि वर टोपी घातली. साहेब म्हणाले, उकडतंय, काढा की टोपी. टोपी निघेना! गुरुजी ओढतायत, साहेब बघतायत, पोरं तोंडात सदरा कोंबून हसतायत. संध्याकाळी सिंधूनं ऊन पाणी घालून घालून ती टोपी सोडवली. सोडवताना म्हणाली, "तुमी तर कुनापुढं उभं ऱ्हात न्हाई. केस तरी ऱ्हाऊ द्या." त्यानंतर गुरुजींनी टोपी घातली नाही.

मुलगी झाली, छाया. हौसाबाई बाळंतिणीच्या खोलीत शिरली ती आधी पोरीचं डोकं बघायला. एकच भोवरा निघाला, तेव्हा कुठं पेढे वाटले. दिवस बरे चालले होते. इतके बरे, की भोवऱ्याचं नाव कुणी काढेनासं झालं होतं.

मग सिंधूचं पोट दुखायला लागलं. आधी घोडेगाव, मग मंचर, मग पुणं. प्रत्येक डॉक्टर नवीन तपासणी सांगायचा. गुरुजी रजा टाकून न्यायचे, परत यायचे, वर्गात उभ्या उभ्या डुलकी घ्यायचे. मी त्यांची पोरं माझ्या वर्गात घ्यायची. वर्षभर हे असं. दुखणाईत माणसापेक्षा सोबतचं माणूस आधी म्हातारं होतं, हे मी तेव्हा बघितलं.

हौसाबाई लेकीची सेवा करायला येऊन राहिली. आणि एक दिवस छायाच तिला म्हणाली, आजी, चल, थोरलीला पाणी घालू. कोण थोरली? पोरीनं बांधावर नेऊन दाखवली.

मग जे झालं ते सगळ्या फाट्यानं ऐकलं. "जित्ती ठिवली! पहिली जित्ती ठिवली आन् माज्या पोरीला पुढं क्येली! तुजं कपाळ माज्या सिंधूनं का भरायचं रं?" म्हातारी ऊर बडवून घेत होती. तिचा तरी काय दोष? पोटची पोर डोळ्यांसमोर वाळत होती. आतून सिंधू ओरडत होती, "आये, गप बस! तिला हात लावायचा न्हाई कुनी!"

दोन-चार दिवसांनी गुरुजी शाळेत आले ते एक डोळा सुजून लालभडक झालेला. रुईचा चीक डोळ्यात उडाला होता.

"तोडली, बाई," ते म्हणाले. "कोयत्यानं. माझा विश्वास नाही असल्यावर. पण समजा नाही तोडली, आणि हिला काही झालं तर? मी कुणाला तोंड दाखवू?"

मी असते तर मीही तोडली असती.

पण सिंधूला ते लागलं. तिनं भांडण केलं नाही, तेच वाईट. मला म्हणाली, "आई म्हनली, लोक म्हनलं, मला काय वाटलं न्हाई. ह्यांनी तोडली, तवा मला कळलं, ह्यांला बी वाटतंय मी जानार." त्यानंतर सकाळी ती ओट्यावर येईना. एसटी थांबायची, गुरुजी चौकटीतून वाकायचे, जरा थांबायचे, आणि उभ्या तुऱ्यानं गाडीत चढायचे. कंडक्टर काही बोलायचा नाही. माझ्या नोकरीतले सगळ्यात जड प्रवास ते.

रुईची जात मात्र चिवट. वरून तोडली म्हणून ती थोडीच मरते? पावसाळा लागला आणि बुंध्यातून कोंब आले. छायानं घरात येऊन सांगितलं. सिंधू काठी टेकत बांधापर्यंत गेली, बघितलं, आणि तिथंच बसून हसत सुटली. "थोरली आली माघारी! आवो, बघा की, तुमच्या केसावानीच हाय ती, बसल्याली दिसती का कुठं?" गुरुजी सांगत होते, बाई, ती हसली आणि मी रडलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओट्यावर होती. भिंतीला धरून उभी. गाडी थांबली होती. तिनं हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला नाही.

थंडी सुरू व्हायच्या आत ती गेली.

दहाव्याला मी नदीवर होते. न्हाव्यानं गुरुजींचं डोकं केलं. केस खाली पडले आणि दोन्ही भोवरे उघड्यावर आले, स्पष्ट, शेजारी शेजारी. बसलेल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं. एक जण म्हणालाच, "लिवल्यालं चुकतंय व्हय?" मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. गुरुजींनी ऐकलं होतं. ते मान खाली घालून बसून राहिले.

वर्षही सरलं नव्हतं आणि माणसं घरी यायला लागली. पोरीला आई पाहिजे. चूल कोण बघणार? आणि सगळ्यांचं शेवटचं वाक्य तेच, तुझ्या नशिबातच दोन आहेत, तर मग नाही कशाला म्हणतोस? हौसाबाईनं तर आपल्याच भावाची पोर आणली होती. वाईट बाई नव्हती ती, नातीसाठी जीव तुटत होता तिचा. मला मुद्दाम बोलावून घेतलं, "बाई, तुमचं ऐकत्यात ते, तुमी समजावा." मी काय समजावणार? मी चहाचा कप धरून बसले.

गुरुजी नेहमीप्रमाणे कोपऱ्यात. केस परत वाढले होते, तुरा परत उभा. सगळ्यांचं बोलून झालं तेव्हा ते उठले. मी त्यांना कधी असं उठून बोलताना बघितलं नव्हतं.

"मामी," ते हौसाबाईला म्हणाले, "रुईसंगं माझं लगीन कुनी लावलं?"

"आमीच की."

"अक्षता कुनी टाकल्या?"

"आमीच. पन ती…"

"मग झाली की माझी दोन लग्नं. थोरली रुई, धाकटी सिंधू. भोवरं दोन, बायका दोन. आता तिसरी कुटनं आनता? आन् थोरली अजून बांधावर जित्ती हाय." मग म्हणाले, "मी सरकारी नोकर हाय. एक बायको हयात असताना दुसरी क्येली तर नोकरी जाईल माझी."

आधी कुणाला कळलंच नाही हसायचं का काय ते. मग हौसाबाईच हसली, पदर तोंडाला लावला, आणि त्या पदरातच हुंदका फुटला तिला. तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

पुढं माझी जुन्नर तालुक्यात बदली झाली. गाठीभेटी कमी झाल्या. बऱ्याच वर्षांनी, मी निवृत्त व्हायच्या बेताला असताना, छायाच्या लग्नाची पत्रिका आली. लग्नाला जाता आलं नाही, म्हणून मागून एकदा जाऊन आले. जुनं घर पाडून गुरुजींनी स्लॅबचं बांधलं होतं. छाया सासरी गेलेली. घरात ते एकटेच. चहा त्यांनीच केला, साखर जास्त झाली होती. बांधावरची रुई माणसाच्या वर गेली होती. शनिवार होता, माळ करून ठेवलेली दिसली. तुरा होता तिथंच, अर्धा पांढरा झालेला.

"आता कंगवा नाही ठेवत खिशात?" मी विचारलं.

"कुणासाठी बसवायचे, बाई?" ते म्हणाले.

परतीची एसटी आली तसे ते मला पोचवायला उठले. मी पुढं, ओट्यावर. मागं वळून बघितलं तर गुरुजी उंबऱ्यात थांबलेले, मान खाली. मला वाटलं, चपला शोधतायत. चपला पायात होत्या. नवी चौकट चांगली उंच होती, त्यांच्या डोक्यावर वीतभर जागा राहत होती. वाकायचं कारणच नव्हतं. तरी ते वाकले होते, डोळे मिटून, आणि थांबले होते.

मला रडू आलं, लपवून काय करू? हात पुढं केला असता तर पोचला असता. पण तो हात ठेवणारी मी नव्हे.

फाट्यावर हॉर्न वाजला. मी कंडक्टरला हात केला. नवा पोरगा होता, दारातून डोकं काढून ओरडला, "ओ मावशी, यायचंय का? कशाला थांबायचं?"

"थांब रे जरा," मी म्हटलं. "गुरुजींची इस्त्री चाललीया."